बेचक्यातला स्नायू

तार्तूत नोव्हेंबरात चारच्या आत अंधार पडतो.
माइमू त्याआधी येते, पायी, नदीवरचा पूल ओलांडून,
उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून;
ठेवून म्हणजे डाव्या हाताने उचलून, आत सारून,
झोपलेलं पोर बाबागाडीत ठेवावं तसा.

एकतीस वर्षं तिने टपालावर शिक्के मारले.
मधेच देश बदलला, तिकिटांवरची चित्रं बदलली,
हाताला कुणी कळवलं नाही.
तो मारत राहिला.
अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच असावं:
वळण अंगात राहतं, आपण नसलो तरी.

मी तिच्या डोक्यावर पोहण्याची रबरी टोपी चढवते.
टोपीवर शाईने आखलेले चौकोन, एकेक सेंटिमीटरचे.
अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात इलेक्ट्रोड चिकटवते.
इथला स्नायू लहान, पण बोलका.
मग कॉइल, इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखी,
कवटीवर टेकवते.
टक्.
एवढाच आवाज. नखाने टेबल वाजवावं तसा.

आधी धडधाकट बाजू.
टक्, आणि डावी तर्जनी उडते.
माइमू हसते. म्हणते,
"माझ्या घराची बेल कुणीतरी दुसऱ्यानेच वाजवली."
तिला चिमटीत रबराचा ठोकळा दाबून धरायला सांगते. पुन्हा टक्.
स्नायू उसळतो आणि मग गप्प होतो,
सेकंदाचा दहावा भाग, थोडा जास्तच.
ती दाबतेच आहे, पण हाताला ते ऐकू येत नाही.
मेंदूच आतून दटावतो, असं पुस्तकात आहे.

शिकाऊ होते तेव्हा मी हे स्वतःवर करून घेतलं होतं.
बोट उडालं. मी त्याला सांगितलं नव्हतं.
नंतर आठवडाभर दार उघडताना, चमचा उचलताना
वाटायचं, हे नक्की मीच का?
सवय झाली. आता नाही वाटत.
क्वचित वाटतं.

आता कॉइल डावीकडे.
जिथे मार्चमध्ये रक्त पोचलं नाही, तिथे.
टक्. काही नाही.
एक चौकोन पुढे. टक्.
स्क्रीनवर सपाट रेघ,
हिवाळ्यातला पेइप्सी तलाव, काठ कुठे संपतो कळू नये असा.
एक चौकोन मागे. काही नाही.
माइमू स्क्रीनकडे बघत नाही.
भिंतीवरच्या अग्निशमनाच्या सूचना वाचते, दोनदा.

मग मी म्हणते, हात हलवू नका,
फक्त मनात शिक्का मारा.
ती डोळे मिटते.
ओठ किंचित हलतात, तारीख जुळवत असावी.
टक्.

सव्वीस मिलिसेकंदांनी
रेघेला एक लहानसा उंचवटा.
पन्नास मायक्रोव्होल्टच्या वर, जेमतेम.
बोट जागचं हललं नाही.
पण बेचक्यात कुणीतरी "हो" म्हणालं,
घरातल्या आजाऱ्याने पांघरुणाखालून म्हणावं तसं.

दहापैकी तीनदा आलं.
ते मी वहीत लिहिलं: तीन.

"म्हणजे हात येईल परत?"
या खोलीत हातचं राखून बोलावं लागतं.
मी म्हणाले, रस्ता पूर्ण बंद नाही. एवढंच.
ती विचार करत राहिली.
"पत्ता पुसट झालेली पाकिटं यायची," म्हणाली,
"आम्ही ती फेकायचो नाही. खालच्या कप्प्यात ठेवायचो.
काहींना घरं मिळाली.
बरीचशी तिथेच राहिली."

मी टोपी काढली. केस चपटे झाले होते,
ते तिने डाव्या हाताने नीट केले.
एक हातमोजा दातांनी ओढून घातला,
दुसरा मी घालायला पुढे झाले,
तर मान हलवून नको म्हणाली.
उजवा हात मांडीवर घेतला,
आणि त्याच्याकडे बघत बसली,
बेरजेत हातचा एक धरावा आणि
तो कुठे मिळवायचा ते आठवू नये, तशी.

बाहेर बस येऊन गेली.